गुगल अपडेटनंतर माझी वेबसाइट मागे का गेली, आणि शोधणाऱ्याला त्याचा काय फायदा?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरी चादरी-टॉवेल विकणारी वेबसाइट काहीही न बदलता पहिल्या पानावरून खाली गेली, मग ही शिक्षा कशाची? आणि यातून शोधणाऱ्याला तरी काय मिळतं? मी सोलापुरातच अशा काही दुकानांच्या वेबसाइट सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न दर अपडेटला माझ्याकडे येतोच.

बहुतेक वेळा ही शिक्षा नसते. शिक्षा असली तर सर्च कन्सोलच्या (वेबसाइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गुगलचं मोफत साधन) 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' पानावर तसं स्पष्ट लिहून येतं. गुगल वर्षातून काही वेळा 'कोअर अपडेट' आणतं आणि त्यात सगळ्याच पानांचं मोजमाप नव्याने होतं. समजा, पाच वर्षांपूर्वी तुम्ही सोलापुरातल्या आवडत्या वीस खानावळींची यादी केली होती आणि आज पुन्हा केली. चार नव्या आत आल्या की जुन्यातल्या काही खाली सरकणारच. म्हणून त्यांची कडक भाकरी बिघडली असं नाही. (उदाहरण मूळ गुगलचंच, भाकरी माझी.)

आधी 'खाली गेली' म्हणजे नेमकं काय झालं ते बघा. अपडेट पूर्ण झाल्यावर किमान आठवडाभर थांबा. मार्च २०२४ चं अपडेट तर तब्बल ४५ दिवस चाललं होतं. मग सर्च कन्सोलमध्ये क्लिक, इम्प्रेशन (निकालांत तुमचं पान किती वेळा दिसलं) आणि सरासरी क्रमांक हे तिन्ही आकडे अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. क्रमांक तोच आणि इम्प्रेशन घटले, तर लोकच कमी शोधताहेत. चादरीला हे होतंच. सोलापूरचं ऊन तापलं की चादर कोणाला आठवते? सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा असतो, मागच्या वर्षीचा तोच महिना लावून बघा. क्रमांक आणि इम्प्रेशन जागच्या जागी पण क्लिक घटले, तर तुमच्या वर कोणीतरी येऊन बसलंय: जाहिरात, नकाशा, नाहीतर ऑगस्ट २०२४ पासून भारतात दिसणारं एआयचं तयार उत्तर. 'चादर पहिल्यांदा कशी धुवावी' असल्या पानांना त्याचा फटका जास्त. क्रमांकच दोनावरून चारवर गेला असेल, तर काही उकरू नका. चारवरून एकोणतीसवर गेला असेल, तर मात्र साइट उघडून परक्याच्या नजरेने वाचा.

तिथे काय दिसतं ते मला पाठ झालंय. होलसेलवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तोच फोटो, त्याखाली 'उत्तम दर्जा, आकर्षक रंग'. हाच मजकूर आणखी दहा दुकानांच्या साइटवर असतो. गुगलने त्यातलं तुमचंच का ठेवावं? चादर टेपने मोजून लांबी-रुंदी लिहा, काट्यावर ठेवून वजन लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो टाका, धुतल्यावर किती आटते ते सांगा. तरी क्रमांक लगेच परत येईल असं नाही. कधीकधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत वाट बघावी लागते.

आता शोधणारा. २०११ च्या 'पांडा' अपडेटने भाराभर पोकळ लेख छापणाऱ्या साइट खाली ढकलल्या, २०१२ च्या 'पेंग्विन'ने विकतच्या लिंकांवर (पैसे देऊन दुसऱ्या साइटवर टाकून घेतलेले दुवे) चढलेल्या. तेव्हा शोधणाऱ्याचं भलंच झालं. पण सप्टेंबर २०२३ च्या 'हेल्पफुल कंटेंट' अपडेटमध्ये स्वतः वस्तू हाताळून लिहिणाऱ्या कितीतरी छोट्या साइटही आडव्या झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच अजून उठलेल्या नाहीत. शोधणाऱ्याची पंचाईत अशी की मालकाला घसरण आकड्यांत दिसते, त्याला ती दिसतच नाही. जे वर आलं तेच चांगलं, असं तो धरून चालतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच नावाखाली बाहेर विणलेला मालही विकला जातो, आणि गुगल काही कापडाला हात लावून बघत नाही. त्यामुळे मला विचाराल तर गिऱ्हाईक म्हणूनही पहिल्या तीन निकालांवर थांबू नये.

'महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी' असे फोन तुम्हाला येतीलच. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. जाहिरातीवर पैसे ओतले तरी खालच्या मोफत निकालांत क्रमांक वाढत नाही.

त्यापेक्षा गुगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद बघा. अक्कलकोट-तुळजापूर करून परतणारा माणूस गाडीतूनच 'जवळचं चादरीचं दुकान' शोधतो. तिथे मुख्यतः तीन गोष्टी चालतात: त्याने शोधलं ते तुमच्याकडे मिळतं का, दुकान किती लांब आहे आणि त्याचं नाव किती झालंय. वेबसाइट सावरेपर्यंत तिथली दुकानाची वेळ, सुट्टीचा वार आणि उचलला जाणारा फोन नंबर एवढं तरी आजच तपासून घ्या.