वहीतलं चौथं पान

बाई माझ्याकडे समुपदेशनाला एकट्याच आल्या होत्या. बसताच पर्समधून शंभर पानी वही काढली आणि म्हणाल्या, "ताई, एवढंच सांगा, स्वतःच्या सुखाचा विचार करणं म्हणजे देवाला नाही म्हणणं का?"

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. ख्रिस्ती घरांत तो मोठ्याने विचारायची सोय नसते. विचारला की माणूस विश्वासात कच्चा ठरतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांची परवानगी घेतली आहे.)

वही यजमानांची, म्हणजे भाऊंची होती. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालेलं, गाव शेवगावकडचं. तिकडे दिवाळीनंतर कोयता निघतो, आईबाप ऊसतोडीला जातात आणि शाळेतली पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर शाळा सोडून फडावर जातात. वडिलांचं घर रिकामं होतं, तिथे बारा मुलींचं बोर्डिंग काढायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या भागात ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं आणि बोर्डिंगांत शिकलेल्या कित्येक पिढ्या आज पुण्या-मुंबईत आहेत. भाऊ त्यांच्यातलेच एक.

चौथ्या पानावर खर्चाचा तक्ता होता. धान्य, गॅस, पत्रे. खाली लिहिलं होतं: "स्वयंपाक : सौ." त्यापुढे पगाराच्या रकान्यात शून्य.

बाईंनी सत्तावीस वर्षं पुण्यात गणित शिकवलं होतं. दोन्ही गुडघे गेलेले. "मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं, ते वेगळं," असं म्हणून त्या हसल्या आणि मग रडल्या.

पुढच्या वेळी भाऊ आले. तयारीनेच आले होते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभारला, तो काय सुखासाठी, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "टिळक फार मोठे, पण १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला, लक्ष्मीबाईंना न सांगता. पुढची काही वर्षं त्या माउलीने कशी काढली, तेही आपल्याला ठाऊक आहे, कारण ते तिने स्वतःच लिहून ठेवलं." भाऊ गप्प झाले, पण पटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी बायबलमधला गेथशेमाने बागेचा शास्त्रभाग काढला, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची येशूची प्रार्थना : हा दुःखाचा प्याला दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मी एवढंच विचारलं, "तो प्याला प्रभूने स्वतः घेतला, की आपल्या शिष्याच्या, पेत्राच्या हातात दिला?"

माझं मत स्पष्ट आहे. देवाचं काम आधी, आपलं सुख नंतर, हे वाक्य फक्त स्वतःला उद्देशून म्हणायचं असतं. घरातल्या दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवून ते म्हटलं की त्याची हुकूमत होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला "कुर्बान" आठवा. हे देवाला वाहिलं, असं सांगून आईबापाचं देणं टाळणाऱ्यांना येशूने तिथे सरळ फटकारलं आहे.

म्हणून बाई सुटल्या का? नाही. तिसऱ्या भेटीत मी त्यांनाही विचारलं की गुडघे नसते दुखत तर काय केलं असतं. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे महिला मंडळात मला मान आहे. तिकडे मी फक्त सून." गुडघ्याच्या मागे हे कारण लपलेलं होतं. ते बोलून झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं की मुली दहावीला गणितातच नापास होतात, हे ऐकल्यापासून प्रार्थनेला बसलं की तेच मनात येतं, आणि त्या ते बाजूला सारत होत्या.

मी कसलाही सल्ला दिला नाही. दोघांनी मिळून नवं पान लिहावं, एवढंच सुचवलं. स्वतःच्या नावापुढचं काम ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं.

त्याला आठ महिने झाले. बोर्डिंग सुरू आहे, बारा नाही, सात मुली. बाई महिन्यातला एक आठवडा जातात. अर्धा दिवस एसटीत जातो, गुडघे सुजतात, घरी आल्यावर दोन दिवस कुरकुर चालते. कुरकुर करू नका असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात त्या माझ्यासमोर बसलेल्या असताना फोन वाजला. स्वयंपाकाच्या मावशी लग्नाला गेल्या होत्या. पलीकडून भाऊ विचारत होते, सात जणींच्या खिचडीला पाणी किती घालायचं?

"तांदूळ किती घेतलाय?" बाईंनी विचारलं. "आणि सात कसल्या? तुम्ही जेवणार नाही का?"