पहिली आलेली गाडी बाद करताना

कोल्हापूर, मंगळवार रात्र

चि. लेकरा, आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर होतो. वारा होता, निम्मं ऐकू आलं नाही. पण "आण्णा, पुन्हा पंच म्हणून उभा राहणार नाही" हे नीट ऐकू आलं, आणि ते घरापर्यंत डोक्यातून गेलं नाही. फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून लिहितोय.

रविवारच्या घोडागाडीच्या शर्यतीत पहिली आलेली गाडी, वळणावर दुसऱ्याच्या वाटेत आडवी शिरली म्हणून, तू बाद केलीस. माळावर दंगा झाला, रात्री व्हिडिओ गावभर फिरला. तो मी आठ-दहा वेळा बघितला. तुझा निकाल बरोबर की चूक, ते मला त्यावरून सांगता येणार नाही, कारण तो बाजूनं काढलाय. बाजूनं बघितलं की कुठली गाडी पुढं एवढंच कळतं. कुणी कुणाच्या वाटेत आडवं शिरलं, हे समोरून बघितल्याशिवाय कळत नाही. मोठ्या रेसकोर्सवर त्यासाठी समोरून चित्रण करणारा वेगळा कॅमेरा लावतात. शिव्या देणाऱ्यांनी निकाल बाजूच्या चित्रावरून लावलाय, हे आधी मनात पक्कं कर.

आता तुला एक मोठी गोष्ट सांगतो. ४ मे २०१९, अमेरिकेतली केंटकी डर्बी, घोड्यांची मोठी शर्यत. ट्रॅकवर चिखल, १९ घोडे. मॅक्झिमम सिक्युरिटी नावाचा घोडा पहिला आला, तोही पावणेदोन घोड्यांच्या लांबीनं. शेवटच्या वळणावर मात्र तो आपली वाट सोडून बाहेरच्या अंगाला सरकला होता. मागून येणाऱ्या वॉर ऑफ विलला एकदम आवरावं लागलं, त्याचा धक्का शेजारच्या लाँग रेंज टॉडीपर्यंत गेला. दोन जॉकींनी हरकत घेतली. पंचांनी जवळजवळ २२ मिनिटं चित्रण पुढं-मागं करून बघितलं आणि पहिल्या घोड्याला खाली उतरवलं, थेट १७ व्या क्रमांकावर. ढकलला गेलेला लाँग रेंज टॉडी जिथं होता, त्याच्या मागं. जिंकला कंट्री हाउस, ज्याचा पैजेतला भाव एकाला पासष्ट होता, म्हणजे तो जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्या डर्बीच्या इतिहासात धावतानाच्या चुकीसाठी पहिला आलेला घोडा उतरवल्याची ती पहिली वेळ. मालक कोर्टात गेले, हरले.

मी ते समोरचं चित्रण बघितलंय. घोडा आडवा आला, यात मला शंका नाही. पण पुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो तुझ्याही कामाचा आहे. इंग्लंडात, आणि आता जपान, फ्रान्समध्येही, पंच विचारतात की आडवं आलं नसतं तर अडलेला घोडा अडवणाऱ्याच्या पुढं गेला असता का? गेला असता तरच क्रम बदलतो; नाहीतर क्रम तोच राहतो आणि जॉकीला वेगळी शिक्षा होते. अमेरिकेत विचारतात की अडलेल्याचं नुकसान झालं का? झालं असेल तर अडवणारा त्याच्या मागं. तीच धाव, तोच धक्का, आणि इंग्लंडात बहुधा पहिला घोडा पहिलाच राहिला असता. म्हणून शर्यत सुटायच्या आधी आपला नियम कुठला, हे माळावर ओरडून सांगितलेलं असावं लागतं. तुमच्या कमिटीनं सांगितलं होतं का? मला वाटतं, नव्हतं. ती चूक तुझी एकट्याची नाही.

केंटकीच्या पंचांचं मला एकच पटलं नाही. निकालानंतर त्यांनी एक निवेदन वाचून दाखवलं आणि एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. निकाल बरोबर असेल, तरी हरलेल्याला विचारायला जागा ठेवायची नाही हे मला आजही सहन होत नाही. कारण तेच मी एकदा केलंय.

पस्तीसेक वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही. एका म्हाताऱ्याची करड्या रंगाची घोडी पहिली आली. मी निशाणाजवळ उभा होतो आणि वळण होतं लांब, लिंबाच्या झाडापलीकडं. दुसऱ्या नंबरवाले ओरडत आले, वळणावर आमची गाडी दाबली म्हणून. मागं शंभरभर माणसं. मी काहीही बघितलेलं नव्हतं, तरी घोडी बाद केली. म्हातारा भांडला नाही. जवळ येऊन हळू म्हणाला, "पंच, मला एवढंच सांगा, कुठं आडवी गेली?" मला उत्तर देता येईना. मी म्हणालो, निकाल झाला आता. त्यानं घोडीच्या मानेवरनं हात फिरवला आणि ढालीकडं न बघता निघून गेला.

रात्रभर झोप नाही. पहाटे सायकल काढून त्या माळावर गेलो. वळणावर चाकोऱ्या तशाच होत्या. घोडीच्या गाडीची चाकं गोल, एकसारखी वळलेली. दुसऱ्या गाडीची चाकं बाहेरनं आत कापत आलेली, अगदी तिच्या चाकोरीवर चढलेली. जमिनीवर सगळं लिहून ठेवलेलं होतं आणि मी दहा मिनिटं चालत जाऊन बघितलं नव्हतं. त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली. त्यानं चहा दिला, पण त्यानंतर त्याची गाडी कधी शर्यतीला आली नाही.

आणखी एक, तुला टोचेल तरी लिहितो. १९१३ च्या इंग्लंडातल्या डर्बीत क्रॅगनूर पहिला आला आणि धक्काबुक्कीसाठी बाद झाला. हरकत जॉकीनं नव्हे, पंचांनीच घेतली होती. शंभराला एक भावाचा अबॉयर जिंकला. त्या पंचांपैकी एक, युस्टेस लोडर, हा त्याच क्रॅगनूरची पैदास करणारा. धक्के अबॉयरनंही दिले होते. शंभर वर्षं उलटली तरी लोक त्या निकालाकडं संशयानं बघतात. रविवारी पहिली गाडी बाद झाल्यामुळं जी गाडी पहिली ठरली, ती तुझ्या आत्याच्या दिराची होती ना? मला ते तुझ्याकडून कळायला हवं होतं, दुसऱ्याकडून कळलं. तू पक्षपात केला नसशील, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण नात्यातली गाडी पट्ट्यात आली की खुर्चीवरनं उठायचं, त्या फेरीपुरतं दुसऱ्याला बसवायचं.

बैलगाड्यांचं काय झालं ते तू पाहिलंस. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंद केल्या, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं त्या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. आपल्या माळाकडं आता सगळ्यांचं लक्ष आहे, आणि जनावराला मारून पुढं काढलेल्या गाडीवर तर तू दयामाया दाखवू नकोस. तिथं कुणाचं नुकसान झालं का, हे विचारायचीही गरज नाही.

उद्या त्या गाडीवाल्याच्या घरी जा. एकटा जा, कमिटीला नेऊ नकोस. वळणावर तुला काय दिसलं, कुठं उभं राहून दिसलं, ते सांग. काही दिसलं नसेल तर तेही सांग. तो चिडेल, चिडू दे.

येत्या रविवारी वळणाच्या समोर एक माणूस लागेल तुला, ज्याची कुठलीच गाडी नाही. सकाळच्या एसटीनं मी येतोय. मी तिथं उभा राहीन, दिसलं तेवढं तुला सांगेन, निकाल तू दे. छत्री तेवढी आण, ऊन सोसत नाही आता.

तुझा,
आण्णा