'ओपिऑइड' : अफूजन्य की अफूसदृश?

प्रश्न असा आला आहे : वैद्यकीय लेखाच्या भाषांतरात 'ओपिऑइड'ला 'अफूजन्य औषध' आणि 'रिसेप्टर'ला 'ग्राहक' म्हटले तर चालेल का?

'ग्राहक' आधी निकालात काढू. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ती जागा, जिथे ठरावीक रसायन येऊन बसते आणि पेशीचे काम बदलते. 'मेंदूतील अफूचे ग्राहक' असे वाचले की डोळ्यांपुढे पेशी येत नाही, गिऱ्हाईक येते! 'ग्राही' लिहा, तो शास्त्रीय मराठीत रुळलेला आहे.

'अफूजन्य'चा पेच मोठा आहे. अफूच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तो वाळला की झाली अफू. ग्रीक 'ओपिऑन'च्या मुळाशी 'ओपोस' म्हणजे रस, चीक हाच शब्द आहे. त्याचेच अरबी 'अफ्यून' झाले. (संस्कृत 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, हा मला त्या परक्या शब्दावर चढवलेला संस्कृत अंगरखा वाटतो.) मॉर्फीन आणि कोडीन ही वेदनाशामके या चिकातच असतात. त्यांना खुशाल अफूजन्य म्हणा. इंग्रजीत त्यांच्यासाठी 'ओपिएट' हा वेगळा शब्द आहे. फेंटानिल किंवा मेथाडोन मात्र प्रयोगशाळेत घडतात, बोंडाशी त्यांचा काही संबंध नाही. तरी ती ओपिऑइडच, कारण इथे कूळ पाहत नाहीत, ती कोणत्या ग्राहीवर जाऊन बसतात ते पाहतात. 'ऑइड' म्हणजे सारखे. म्हणून 'अफूसदृश'.

यांतला मुख्य ग्राही 'म्यू', म्हणजे ग्रीक 'म'; मॉर्फीनच्या आद्याक्षरावरून नाव पडलेला. औषध त्याला चिकटले की चेतापेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट आवळली जाते, पोटॅशियम बाहेर पडू लागते आणि पेशी थंडावते. वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायने कमी सुटतात. जखम असते तशीच असते. हेच ग्राही श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या भागातही आहेत, म्हणून मात्रा वाढली की श्वास मंदावतो, थांबूही शकतो. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध त्याच ग्राहीवरून मॉर्फीनला हुसकावते, स्वतः खुर्ची अडवून बसते आणि काम मात्र काडीचे करत नाही. तेवढ्याने श्वास परत येऊ शकतो.

आतड्यांतही हे ग्राही आहेत. जुलाबावरचे लोपेरामाइड तिथेच काम करते आणि नेहमीच्या मात्रेत मेंदूवर जवळपास परिणाम करत नाही. तेही ओपिऑइडच! तेव्हा काही जण सुचवतात तो 'मादक औषध' हा पर्यायही बाद.

एक खोच राहिली. हे ग्राही 1973 साली प्रयोगांत दिसले आणि 1975 मध्ये मेंदूतच तयार होणारी, त्यांवर बसणारी एन्केफॅलिन हाती लागली. त्यांच्याच जातीच्या 'एन्डॉर्फिन' या रसायनाच्या नावाचा अर्थच 'आतले मॉर्फीन'. ग्राही काही अफूची वाट पाहत बसलेले नव्हते, त्यामुळे 'अफू-ग्राही' लिहायला माझा हात धजत नाही. पहिल्या उल्लेखात 'ओपिऑइड (अफूसदृश) औषधे' लिहा, पुढे नुसते 'ओपिऑइड', आणि 'ओपिऑइड ग्राही'.