रिपोर्ट नॉर्मल, मग एकही अंडं फर्टिलाइज का झालं नाही?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, लग्नाला पाच वर्षं झाली. माझा सिमेन रिपोर्ट दोनदा केला, काउंट, मोटिलिटी सगळं नॉर्मल. तरी मागच्या महिन्यात आयव्हीएफला आठपैकी एकही अंडं फर्टिलाइज झालं नाही. ‘रिसेप्टरचा प्रॉब्लेम असू शकतो’ एवढंच सांगितलं. घरी सगळे बायकोलाच बोलतायत. हे रिसेप्टर काय प्रकरण आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पहिल्यांदा घरच्यांना गप्प करा. तुमच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू किती, हलतात किती आणि दिसतात कसे एवढंच येतं, अंड्यापाशी पोचल्यावर ते काय करतात हे त्यात दिसतच नाही.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं प्रोटीन, ठरावीक निरोप किंवा ठरावीक जोडीदारच ओळखणारं. अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन निरोप म्हणून सोडतात (हो, तेच, ज्याच्या गोळ्या तुमच्या मिसेसना दिल्या असतील). शुक्राणूच्या शेपटीत कॅटस्पर नावाचं कॅल्शियमचं दार असतं, माणसात ते प्रोजेस्टेरॉनमुळे उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटी चाबकासारखी फटके मारायला लागते, हा जोर नसेल तर अंड्याभोवतीचं जाड कवच, म्हणजे झोना, पार होणं अवघड. काही पुरुषांत कॅटस्परच्या जीनमध्येच बिघाड सापडलाय आणि काउंट, मोटिलिटी मात्र तुमच्यासारखीच नॉर्मल!

झोना पार झाला तरी काम संपत नाही. शुक्राणूवर इझुमो नावाचं प्रोटीन असतं, ते 2005 मध्ये जपानमध्ये सापडलं आणि लग्नं जुळवणारं म्हणून प्रसिद्ध असलेल्या तिथल्या देवस्थानाचं नाव त्याला दिलं. ते अंड्यावर नक्की कोणाला धरतं हे कळायला 2014 उजाडलं, इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या लॅबला तो रिसेप्टर सापडला आणि त्यांनी त्याला रोमन लोकांच्या लग्नाच्या देवीचं नाव दिलं, जुनो. शास्त्रज्ञांनाही पत्रिका जुळवायची हौस असते बघा. उंदरांमध्ये इझुमो काढून टाकलं तर शुक्राणू झोना ओलांडून अंड्याला जाऊन भिडतात पण आत मिसळत नाहीत. आणि एक शुक्राणू आत गेला की अर्ध्या-पाऊण तासात अंडं आपल्या अंगावरचं जुनो टाकून देतं, म्हणजे दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. मला हा भाग फार आवडतो.

आता तुमचं. रिसेप्टर हा अंदाज आहे, निदान नाही, त्याची टेस्ट नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. म्हणून एम्ब्रियॉलॉजिस्टना (आयव्हीएफ लॅबमध्ये अंडी-शुक्राणू हाताळणाऱ्या तज्ज्ञांना) दोन गोष्टी विचारा: आठपैकी मॅच्युअर अंडी किती होती, आणि झोनाला शुक्राणू चिकटलेले दिसले का. अंडी कच्ची असतील तर गोष्टच वेगळी. मॅच्युअर असतील तर पुढच्या वेळी इक्सीबद्दल बोला, त्यात सुईने शुक्राणू थेट अंड्यात सोडतात, त्यामुळे कॅटस्पर, झोना, इझुमो-जुनो सगळंच बायपास होतं. फक्त आत गेल्यावर अंडं जागं करायचं काम शुक्राणूतलं आणखी एक प्रोटीन करतं, त्यात गडबड असेल तर इक्सीनेही अडतं, म्हणून हमी कोणी देत असेल तर जरा सावध राहा.