“मी रजा घेतली तर माझ्या जागी कोण बसणार?”

नर्स, एसटीचे चालक, पोलीस, सगळे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. गेल्या वर्षी तो एका हवाई वाहतूक नियंत्रकाने विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पाळी दर दिवशी बदलती, आणि सुट्टीच्या दिवशी ठरलेला फोन: “आज माणूस कमी आहे, येतोस का?” पाच महिन्यांत हे एकदाही नाही म्हणाले नव्हते.

“गोंदियाहून शिकून नवी मुलं येतात, मॅडम. पण आमच्याकडचं रेटिंग, म्हणजे इथल्या कामाची परवानगी, मिळेपर्यंत त्यांना एकट्याने बसवता येत नाही. तोवर आम्हीच.”

बोलताना फोन टेबलावर, पडदा वर. दर दोन मिनिटांनी नजर तिकडे.

मग त्यांनीच उबरलिंगेनच्या विमान अपघाताचा विषय काढला. 1 जुलै 2002 ची रात्र. झुरिकच्या केंद्रात एकच नियंत्रक रडारचे दोन पडदे सांभाळत होता, जोडीदार विश्रांतीला गेलेला. दोन विमानं हवेत धडकली, 71 माणसं गेली. “डोळा लागला की तो माणूस मीच असतो.”

“2007 मध्ये शिक्षा कोणाला झाली?” मी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यात व्यवस्थापक होते. एकट्यावर रात्र सोडायची पद्धत त्यांनी चालू दिली होती.

ते गप्प झाले. मी पुढे विचारलं, “पेग घेऊन पोझिशनवर बसाल?” चक्क रागावले. सलग 17 तास जागं राहिलं की माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी ढासळते, असं 1997 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्यांनी आपले तास बोटांवर मोजले. आदल्या आठवड्यात दोनदा एकोणीस भरले.

झोपेची वही, जाड पडदे, रात्रपाळीआधी दुपारची डुलकी हे सगळं सांगितलं. ते कोणीही सांगेल. खरी अडचण एका वाक्याची होती. वैमानिकाला दिलेली सूचना तो जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो, तो ‘रीडबॅक’ ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. म्हणून मी वाक्य दिलं: “माझी झोप झालेली नाही, मी ही पाळी करू शकत नाही.”

“सॉरी सर, माझी झोप झालेली नाही, म्हणजे तशी थोडी...”

“रीडबॅक चुकला,” मी म्हटलं.

पहिल्यांदाच हसले. चौथ्या खेपेला ‘सॉरी’ गळालं.

तीन आठवड्यांनी बायकोचा फोन आला. रविवारी अकरा वाजले तरी हे उठेनात, म्हणून तिने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला होता.