मेणवलीला पहिल्यांदा जाताय? मग वाईहून चालतच जा

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. गाडी थेट तिथल्या नाना फडणवीसांच्या वाड्याच्या दाराशी नेऊ नका. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या आणि उजाडता उजाडता चालू लागा. वाटेत उसाचे फड, हळदीची शेतं लागतात. कुणी शेतात दिसलं तर रामराम करा, रस्ता विचारा. माणसं आपुलकीने सांगतात. फक्त उभ्या पिकात शिरू नका.

नानांचा हा वाडा अठराव्या शतकातला. आत चौकामागून चौक लागतात. घाई करू नका. लाकडी खांबांवरून हात फिरवावासा वाटेल, पण भिंतीवरच्या चित्रांना अजिबात हात लावू नका. घामाच्या बोटांनी जुना रंग जातो, तो परत येत नाही.

मागच्या बाजूने कृष्णेच्या घाटावर उतरा. मला विचाराल तर खरा जीव इथेच रमतो. मेणेश्वराचं देऊळ, विष्णूचं देऊळ आणि ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा. जवळ जाऊन नीट पाहा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. शिवालयाशेजारी ती इतकी वर्षं सुखाने नांदतेय, याचं मला दर वेळी भरून येतं.

पावसाळ्यात खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा वरच बसा. पहिल्या खेपेला थंडीतच या. पाण्याची बाटली, टोपी आणि सहज काढता येतील अशा चपला एवढं पुरे.