‘कळलं का?’ असं विचारू नकोस

प्रिय मित्रा,

परदेशातून नव्याने आलेल्या कुटुंबांबरोबर दुभाषा म्हणून बँकेत जायला लागलोय, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं आणि जरा धास्तीही वाटली. हे काम मी बरीच वर्षं केलं, त्यातली एक चूक अजून डोक्यातून जात नाही.

एका बाईंबरोबर गेलो होतो. कर्ज त्यांच्या भावाचं, बाईंनी फक्त सही करायची होती. अधिकाऱ्याने दहा मिनिटं समजावलं, ते मी दोन वाक्यांत उरकलं आणि ‘कळलं का?’ म्हणून विचारलं. त्या ‘हो’ म्हणाल्या. आपण साक्षीदार आहोत, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सही जामीनदाराची होती. भावाचे हप्ते थकले, तेव्हा वसुलीचं पत्र त्यांच्या दारात आलं. बँकेने काही लपवलं नव्हतं. गाळलं होतं ते मी.

परक्या भाषेच्या टेबलासमोरचं ‘हो’ म्हणजे पुष्कळदा ‘आता पुरे, लाज वाटतेय’ एवढंच असतं. तेव्हा उलटं विचार: ‘हप्ता चुकला तर कोणाकडे मागतील, ते मला सांगा.’ अडखळले, की तिथून पुन्हा सुरुवात कर. अधिकारी घड्याळाकडे बघेल. बघू दे.

आकडे सगळ्यांना कळतात, यावरही विसंबू नकोस. जाहिरातीतला व्याजदर एक आणि फी वगैरे धरून पडणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, वेगळा. दोन कर्जांची तुलना करायची ती एपीआरवरून. कर्जासोबत विमा पुढे केला, तर तो सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे तूच विचार. कुटुंबातले लोक विचारणार नाहीत. युरोपीय संघात एक सोय आहे. २००८ च्या ग्राहक कर्ज निर्देशाने कर्जाची माहिती सहीआधी देण्याचा ठरावीक नमुना घालून दिला. भाषा बदलली तरी रकाने तेच, त्यामुळे कळणाऱ्या भाषेतला कोरा नमुना शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. सही झाल्यावरही १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. घेतलेली रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज मात्र परत करावं लागतं.

आता तुझ्याच कामाची एक गोष्ट. कॅलिफोर्नियात स्पॅनिश, चिनी, टागालोग, व्हिएतनामी किंवा कोरियन भाषेत बोलणी झाली, तर कायद्यात सांगितलेल्या प्रकारच्या करारांचं त्या भाषेतलं भाषांतर सहीआधी द्यावं लागतं. पण ग्राहकाने दोन्ही भाषा नीट बोलता-वाचता येणारा स्वतःचा सज्ञान दुभाषा आणला, की हे बंधन उरत नाही. म्हणजे तू मदतीला गेलास आणि त्यांच्या हातातला कागद गेला! म्हणून कुठेही असलास, तरी आधी विचार, ‘यांच्या भाषेत लेखी काही मिळेल का?’ मगच तोंड उघड.

शाळकरी मुलांना दुभाषा करून बसवतात, ते दिसलं तर थांबव. आई-बापाचं कर्ज दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून ठरू नये.

पुढच्या आठवड्यात ज्या कुटुंबाबरोबर जाणार आहेस, त्यांचे कागद आदल्या दिवशीच मागवून घे. शेवटचं पान आधी उघड. सह्यांच्या खाली कोणाचं नाव कोणत्या नात्याने छापलंय, ते बघ.

तुझा,
जुना दुभाषा